गाडी सरळ धरायले माणूस

आमचं गाव हुडकेश्वर. आता तुम्ही म्हणान ते नागपूरच झालं, पण तवा गावच होतं, चिखल तुडवत घरी या लागे. छप्पनच्या दीक्षेले बापानं मले खांद्यावर बसवून नेलं होतं, तेवढं आठवते, सारे पांढरे कपडे अन् बापाच्या डोक्याच्या तेलाचा वास. बाकी सांगाले काही नाही माह्या जिंदगीत. मॅट्रिक फेल झालो, धंतोलीत एका औषधाच्या दुकानात लागलो, सायकलनं दवाखान्यादवाखान्यात माल पोचवो. मंग मालक म्हणे, खेड्यातल्या डॉक्टरायलेबी माल द्याचा आहे, एखादी गाडी पाह. तं कामठीच्या लिलावातून मिल्ट्रीची जुनी फटफटी घेतली.

आता गाडीचं सांगून देतो, नाही तं पुढचं तुम्हाले समजनार नाही. गाडी ज्याच्यावर सरळ उभी राहते तो मोठा स्टँड तुटलेला होता. होता फक्त बाजूचा, लंगडा. त्याच्यावर लावली का गाडी डावीकडं कलते. अन् इंजनातलं तेल पाहाची काडीबी डावीकडंच. म्हणजे सारं तेल त्या अंगाले जमा होते, काडी काढली तं भरलेलं दिसते, अन् आत अर्धंबी नसते. खरं तेल पाहाचं तं गाडी सरळ पाहिजे, अन् सरळ धरायले दुसरं माणूस पाहिजे.

ते दुसरं माणूस म्हणजे शांता, माही बायको. खाप्याची पोरगी. रोज सकाळी मी हाक मारो, ये वं, धर. ती लुगडं खोचून सीटवर बसे, पाय पुरत नव्हते तं एक ईट ठेवली होती आंगणात, एक पाय त्या ईटेवर, दोन्ही हात हँडलवर. मी खाली बसून काडी काढो, पुसो, पुन्हा टाको, पाहो. शेजारचे म्हणत, काय गा, बायकोले डायवर केलं काय. ती म्हणे, हाव, अन् यायले क्लीनर. कधी कधी म्हणे, अवो, तो स्टँड जोडून आणा नं एकदाचा. मी म्हणो, आणतो. चार वर्षं आणतो आणतोच म्हणलं. आता काय सांगू तुम्हाले, तिचं ते सकाळी गाडीवर बसणं मले आवडे. म्हणून नाही जोडला.

मंग तिले कावीळ झाली. धंतोलीतच भरती केलं, दुकानापासून जवळ. आठ दिवस मी तिथंच, गाडी दवाखान्याच्या फाटकाजवळ. मधात औषधं आणाले इकडं तिकडं गाडी पळवो, पण तेल पाहिलं नाही. नवव्या दिवशी सकाळी शांता म्हणे, माह्या मायले आणा. बस, तेवढंच. डॉक्टरनं मले बाहेर नेलं, म्हणे आणाचं असन तं आत्ताच जा.

मी फाटकाशी आलो. बाजूच्या स्टँडवरच काडी काढली. भरलेलं दिसलं. मले माहीत होतं का ते खोटं आहे, रोज पाहणारा माणूस मी, मले नाही तं कोणाले माहीत राहीन. तिथं रिक्षेवाले उभे होते, एक हाक मारली असती तं कोणीबी गाडी धरली असती. पण हाक मारवली नाही. काहून नाही मारवली ते मले आजबी सांगता येत नाही. कमी असन थोडं, म्हणलं, अन् किक मारली.

सावनेरच्या अलीकडं इंजन जाम झालं. चाकच फिरेना. गाडी एका संत्र्याच्या बगीच्यापाशी टाकली, पायी चाललो, मंग एक ट्रक भेटला. खाप्याले पोचलो, सासूले घेतलं, यष्टीची वाट पाहत दोघं बसून राहिलो. आम्ही धंतोलीत आलो तं शांताले जाऊन दोन घंटे झाले होते. नर्स म्हणे, दरवाज्याकडंच पाहून राहिली होती.

रडलो नाही मी. लोक म्हणत, रड गा, मोकळा हो. आलंच नाही तं काय करता. पायाले मुंग्या आल्यावर कसं आपलाच पाय आपला वाटत नाही, तसं साऱ्या आंगाले झालं, अन् ते गेलंच नाही. पुढच्या आठवड्यात गाडी सुधरवली, स्टँडबी जोडला. अर्धा घंटा लागला त्याले. अर्धा घंटा.

सासूले कोणी नव्हतं, ती माह्याकडंच राहिली. दोन-तीन वर्षं कधी विषय निघाला नाही. मंग एक दिवस भाकर टाकता टाकता म्हणे, जवाई, तवा तुमची गाडी काहून बंद पडली होती? मी म्हणलं, तेल नव्हतं, माय. म्हणे, पाहिलं नव्हतं काय? मी म्हणलं, पाहिलं होतं. एकट्यानं पाहिलं होतं. तिनं भाकर उलथवली, मले वाढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडी मोठ्या स्टँडवर लावली अन् काडी काढाले बसलो, तं बुढी बाहेर आली. येऊन हँडल धरून उभी राहिली. तवापासून रोज येते. आता तिले दिसतबी कमी, कंबर वाकली, तरी येते. गाडी सरळच राहते, धराची गरज नाही, पण मी तसं म्हणत नाही. मी काडी पाहतो, ती विचारते, आहे काय तेल? मी म्हणतो, आहे माय. मंग म्हणते, जा बापू, सांभाळून जा, अन् हँडल सोडते.