अमावस्या पाळणारा तिकीटवाला

मंडळी, एक सांगा — माणूस सज्जन आहे, हे तुम्ही ओळखता कशावरून? बोलण्यावरून? कपड्यांवरून? थांबा, घाई नको. आधी चिपळूणच्या मोरूनाना दिघ्यांचं ऐका.

नाना चोखंदळ माणूस! भेंडीसुद्धा शेंडा मोडून बघितल्याशिवाय घेणार नाहीत. नात मृण्मयी, तिचा हात मोडला. अख्खी सुट्टी प्लास्टरमध्ये गेली पोरीची. नानांनी शब्द दिला, "प्लास्टर निघालं की वॉटर पार्क."

सूनबाई म्हणाली, "नाना, तिकिटं पार्कच्याच साइटवरून काढू."

"साइटशी बोलता येतं का? मी माणूस बघून व्यवहार करतो."

आणि माणूस मिळाला! मोबाईलवर अर्ध्या दराची जाहिरात आली, खाली नंबर. नानांनी लावला. तिकडून काय आवाज आला? हॅलो नाही — "राम कृष्ण हरी, माउली." नाना विरघळले हो! लगेच पैसे पाठवायला निघाले, तर तो म्हणतो, "आज नको. आज अमावस्या. उद्या आंघोळ-पूजा उरकून सावकाश पाठवा."

आता बोला! चोर कधी पैसे नको म्हणतो? नानांनी घरभर फिरून सांगितलं. सुनेला तर दोनदा.

दुसऱ्या दिवशी देवापुढे उदबत्ती लावून पैसे रवाना. तिकिटाचा फोटो आला — वर गणपतीसुद्धा!

रविवारी पार्कच्या फाटकावर मशीन काही ते तिकीट घेईना. खिडकीतली मुलगी म्हणाली, "आजोबा, हे आमचं तिकीटच नाही. आणि आजची सगळी संपलीत." नानांनी त्या नंबरवर फोन लावला. बंद. तरी नाना तिलाच समजावतायत, "अहो, असं कसं होईल? तो अमावस्या पाळतो."

मृण्मयी फ्रॉकच्या आत पोहायचा ड्रेस घालूनच आली होती. भिंतीपलीकडून पोरांचा दंगा ऐकू येत होता. ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "आजोबा, तुम्ही पार्कलाच फोन करून का नाही विचारलं?" नानांना मान वर करवेना. फार लाज वाटली हो त्या माणसाला.

हसताय? हसा. पण मघाशी मी इथं कीर्तनाला आलो, तेव्हा निम्मे लोक पाया पडलात. नाव विचारलंत? गाव विचारलंत? माझ्या कपाळावरचा बुक्का पाहिला आणि वाकलात! देवासमोर खुशाल डोळे मिटा — तिकीट काढताना तेवढे उघडा.

आणि हो, ते तबक घेऊन तुमच्यात फिरतायत ना, ते गृहस्थ... भराभर नोटा टाकताय म्हणून विचारतो. ते तुमच्यापैकी कुणाचे? कारण माझ्याबरोबर तर कुणी आलेलं नाही.