फरशीचा उतार

…नाही गं, पिशवी राहू दे माझ्याच मांडीवर, जड नाहीये. तू बस. अगं बस की — सासू सांगतेय म्हणून नको बसूस, आता कुठली मी तुझी सासू, कागदोपत्री मिटलं ते — पण तुझ्या लेकीची आजी तर आहे ना? ते नातं काही कुठलं कोर्ट मोडत नाही. तो नाहीये इथे, वकिलाबरोबर खाली चहाला गेलाय, मीच म्हटलं जा. मला तुझ्याशी दोन शब्द बोलायचेत. जेवणाची सुट्टी संपली की जजबाई येऊन बसतील, पुकारा होईल, मग कुठलं बोलणं नि कुठलं काय.

मागच्या तारखेला जजबाई काय म्हणाल्या, ऐकलंस ना? मी मागच्या बाकावर होते, पण कान शाबूत आहेत माझे. म्हणाल्या, आठ महिने झाले, मुलीची पोटगी थकलीय — कायद्याने मी याला तुरुंगातही धाडू शकते आणि हप्तेही बांधून देऊ शकते, दोन्ही माझ्या हातात आहे. याच्याजवळ खरंच नसेल, तर नसलेल्याला कोंडून पोरीच्या ताटात काय पडणार? पण असून देत नसेल, तर मग माझ्याशी गाठ आहे. आणि तुझ्याकडे वळून म्हणाल्या, पुढच्या वेळी तुमचंही ऐकून घेईन. म्हणजे बघ, सगळं तुझ्या जिभेवर आलं. तू नुसतं म्हण — मॅडम, त्याचा खांदा गेलाय, द्या हप्ते बांधून — एवढंच. तुझं काय जातं त्यात? … बरं, जातं. मान्य. तुझंच जातं सगळं, माझं काय.

पण खांदा खरंच निखळला होता गं! शिडीवरून पडला तेव्हा मी होते दवाखान्यात, गुरासारखा ओरडत होता. फरशी बसवणाऱ्याचा उजवा खांदा गेला म्हणजे राहिलं काय? आज सकाळी शर्टाची बटणं मी लावून दिली. चाळिशीचा घोडा, आणि आई बटणं लावतेय — हसतेस काय? मला तर रडू आलं. आणि तो हात गळ्यात बांधलेला बघितला की असं वाटतं — काय? भिंगरीचं काय म्हणालीस? पोट दुखतं? कधीपासून? … परीक्षा असेल. नाही? शाळेत जायचं नाही म्हणते, बोलत नाही, कोपऱ्यात बसून राहते? भिंगरी? अगं, नाव भिंगरी पडलं कशावरून, एका जागी ठरत नाही म्हणून — ती बसून राहते? डॉक्टरांना काही सापडलं नाही ना, मग काही नसेल. मुलांचं असतं. चपला-बूट लहान झाले असतील, पाय दुखले तरी मुलं पोट दुखतं म्हणतात. बघितलेत मी तिचे बूट. पुढून कापलेत तू. बघितलेत.

मी काय म्हणत होते — हां, तो वाईट नाहीये. तू म्हणशील, आपला तो बाब्या. असू दे. पण ज्याला आईची माया आहे तो माणूस मुळात वाईट असेल का, तूच सांग. मागच्या महिन्यात मी बाथरूममध्ये घसरले. जुनी ती गुळगुळीत फरशी — वाचले थोडक्यात. तर हा काय म्हणाला असेल? आई, तू शेजारी जाऊन बस दोन दिवस. आणि सगळी फरशी उखडली गं त्याने, सगळी, आणि नवीन बसवली, खरखरीत, पाय धरून ठेवणारी. गडी नाही, मदतीला कुणी नाही. एकेक फरशी अशी बसलीय की सांध्यातून नख फिरव, कळायचं नाही कुठे एक संपते नि दुसरी लागते. आणि उतार! उतार काढावा तर त्यानेच. पाणी ओत कुठेही, एक थेंब उभा राहत नाही, मुकाट्याने जाळीकडे जातं. भिंगरी रविवारी आली होती ना, तिने गोटी ठेवली कोपऱ्यात — हात न लावता गोटी आपली चालली, चालली, जाळीपाशी जाऊन थांबली. शेजारीण तर बघतच राहिली, लगेच म्हणाली आमच्याकडेही करून द्या, आणि तिच्या भावाकडे तर त्याने आख्खं —

… अशी काय बघतेस?

नाही, म्हणजे हळूहळू केलं ते. डाव्या हाताने. बसून-बसून, म्हणजे — दुखत होतंच त्याला —

जिभेला हाड नाही माझ्या. हात दाखवून अवलक्षण. बोल, बोल की काहीतरी. शिव्या दे.

तुला भिंगरी काही बोलली नाही? एक शब्दही नाही? … नाही बोलणार. त्याने तिला शपथ घातलीय. माझ्यासमोर घातली. म्हणाला, घरी जाऊन सांगितलंस ना बाबा काम करतो म्हणून, तर बाबाला पोलीस नेतील, आणि तुझ्यामुळे नेतील. मी तिथेच होते — ओल्या फरशीवरून फडकं फिरवत होते. फिरवतच राहिले. मनात म्हटलं, लहान पोर, विसरेल चार दिवसांत.

रविवारी… आणि पोट कधीपासून म्हणालीस? सोमवारपासून.

अगं देवा.

आठ वर्षांची पोर. बापाला तुरुंगात घालायचं की नाही, हे जजबाईंच्या हातात आहे म्हणतोय आपण, आणि ती बापडी समजतेय तिच्या हातात आहे. म्हणून तोंड मिटून बसलीय कोपऱ्यात. तोंड उघडलं नि चुकून निघालं तर? मी आजी म्हणवते स्वतःला.

मी विचारलं होतं त्याला, का नाही देत रे? तर म्हणतो, पैसे तिच्या हातात जातात. तिच्या म्हणजे तुझ्या. तुझ्यावरचा राग आहे गं, दुसरं काही नाही. तुझ्यावर रागावलाय आणि बूट कापले जातायत पोरीचे. मी तरी काय केलं? बटणं त्याची तोच लावतो. हाताला ती पट्टी आज सकाळी मी बांधली, गाठ नीट बसेना म्हणून दोनदा सोडून बांधली.

झाला वाटतं पुकारा. हो, तुमचंच नाव. ऊठ तू. … मी नाही आत येत. जजबाईंनी मला विचारलं ना, तर मी खोटं बोलेन, त्याचं तोंड बघून बोलेन, मला माझी खात्री नाही. म्हणून तू सांग. फरशीचं सांग, शेजारणीच्या भावाचं सांग. कुणी सांगितलं विचारलं तर म्हण, त्याच्या आईने. पुढे हप्ते बांधोत नाहीतर आत घालोत, ते त्यांचं त्या बघतील. आणि घरी गेलीस की आधी भिंगरीला जवळ घे. म्हणावं, आजीने सांगून टाकलं. तू नाही सांगितलंस, आजीने सांगितलं. आता खेळ जा.

पिशवी? अजून पिशवीचंच तुझं? स्वेटर आहे त्याचा. दाढीचं सामान आहे. दोन बनियन. आज सकाळी उठल्या-उठल्या भरली, आणि मग तुझ्या हातापाया पडायला निघाले.

तो बघ जिना चढून येतोय. जा तू पुढे. जा म्हटलं ना.