धुतलेलं कोकरू

(इंझोरी. थंडीचे दिवस, उतरती दुपार. गोठ्यात रुख्मिणी बसलेली, मांडीवर तान्ही पोरगी, पुढ्यात एक कोकरू. पलीकडे नुकतीच व्यालेली मेंढी दुसऱ्या कोकराला पाजत उभी. सासू मनकर्णाबाई दारात उभी.)

मनकर्णा : तिसऱ्या खेपेलेबी लाथच मारली ना? बस कर आता, रुख्मे. ते काही घेत नाई त्याले.

रुख्मिणी : एकाले तं घेतलं. ते पाहा, कसं चटचट पिऊन राह्यलं. दोन्ही तिच्याच पोटचे, एकामागं एक झाले. मंग एकाले जवळ घेते अन् एकाले ढकलते, असं काहून?

मनकर्णा : मले काय ठाव? मी गाई-म्हशीत जलम काढला. या दारात मेंढी कधी आली नोती. आली ते तुह्याच पायानं.

रुख्मिणी : माह्याच पायानं आली. मी कुठं नाई म्हन्तो?

मनकर्णा : औंदा सारा वऱ्हाड मुंबई राज्यात गेला म्हन्तेत, तवा मले कोनी इचारलं नाई. अन् मेंढी घरात आनतांनी तूबी इचारलं नाई. आता ऐक. तुहे मामंजी अन् तुहा नवरा जगदेव कापसाची गाडी घेऊन वाशीमले गेले, ते दिवस बुडायच्या आत येतीन. त्याइनं काय सांगतलं होतं?

रुख्मिणी : पाठ हाये मले. पहिल्या वेताले एक जरी कोकरू मेलं, तं मेंढी धनगराच्या वाड्यावर परत. अन् त्या वाड्यावर माहा पाय पुन्हा पडाले नाई पाह्यजे.

मनकर्णा : मंग?

रुख्मिणी : मंग काय? हे मेलं नाई अजून. अन् मेंढी मी परत देत नाई. वाड्यावर तं मी जाईनच.

मनकर्णा : हळू बोल वं.

रुख्मिणी : कायले हळू? दोन महिने झाले जाऊन राह्यली मी. वावरात भाकर नेतो म्हनून सांगे, अन् भाकर देऊन झाली की तसीच मेंढ्याइत जाये. पोरगी कडेवर घेऊन आठ खेपा केल्या.

मनकर्णा : शेजारच्या ललिताबाईनं मले कवाच सांगतलं. म्हने, तुमची सून धनगरिनीच्या बाजूले लेंड्याइत बसते अन् मेंढीचं तोंड उघडून दात मोजते.

रुख्मिणी : दातावरून वय समजते. खूर कसा कोरायचा, दवाचा चारा काहून द्यायचा नाई, सारं तिथंच शिकली मी.

मनकर्णा : दातावरून वय समजते म्हने. मंग माहे पाहून सांग.

रुख्मिणी : तुमचे तं रोजच दिसतेत, आत्याबाई. चांगले धड हायेत. अजून लय वर्सं बोलसान मले.

मनकर्णा : पाह्य कशी जीभ चालते. अवं, काय कमी हाये तुले या घरात?

रुख्मिणी : कमी काही नाई. गाय मामंजीची, बैल मामंजीचे, कोंबड्या तुमच्या. ही एक मेंढी माह्या हातची हाये. वाड्यावरच्या धुरपतामावशीनं अर्ध्या बटईनं देल्ली. दोन कोकरं झाले, एक तिचं, एक माहं. कोनी देल्लं नाई मले, मी सांभाळून कमावलं.

मनकर्णा : घे, आलीच तुही मावशी. हिले कोनं बोलावलं?

रुख्मिणी : मीच. ललिताबाईच्या हाती निरोप धाडला. तिले गावभर चालायचंच हाये, तं माह्या कामासाठी चालू दे.

धुरपता : रामराम, पाटलीनबाई. सरका जराशा. कोन्तं, हे का? आन इकडं… याचा वास कुठी गेला, पोरी?

रुख्मिणी : वास?

धुरपता : याले काहीच वास नाई. काय केलं तू याले?

रुख्मिणी : कोमट पान्यानं धुतलं. भरलेलं होतं सारं. फडक्यानं पुसलं, शेकलं. या पोरीले झाली तवा धुतलं होतं तसंच.

धुरपता : अन् दुसऱ्याले?

रुख्मिणी : त्याले धुवाले घेतलं, तं ही रडाले लागली. म्हनून ते तसंच राह्यलं.

धुरपता : तुही पोरगी रडली म्हनून ते वाचलं मंग. बाई, तू तुह्या लेकराले तोंडावरून वळखतं. मेंढी नाकानं वळखते. पहिले तिनं चाटायचं, मंग आपून हात लावायचा. हे तिले परक्याचं वाटून राह्यलं.

मनकर्णा : घ्या. आठ खेपा केल्या अन् हेच शिकली नाई.

रुख्मिणी : चुकलं माहं. आठ खेपाइत एकबी मेंढी माह्यासमोर व्याली नाई. म्हनूनच तं वाड्यावर अजून जावंच लागते.

धुरपता : भांडन मागून करा. कोकराच्या मागून पडलेली वार कुठी हाये?

मनकर्णा : पुरली मी. गाय व्याली की वार तिनं खाऊ नाई म्हनून आमी लगोलग पुरतो. तसीच हिचीबी पुरली, उकिरड्यामागं.

धुरपता : काढा. याच्या अंगाले चोळली की तिचा वास येईन.

मनकर्णा : पुरलेली वार काढू? असं कोनी करते का?

रुख्मिणी : जागा सांगा, मी काढतो. पोरीले धरा घटकाभर.

मनकर्णा : जागा सांगून सापडन का तुले? कुत्र्याच्या भेवानं तीन दगड ठेवले वर. बस तिथंच. मीच आनतो.

धुरपता : तुही सासू गेली वं कुदळ घेऊन.

रुख्मिणी : मावशी, नाई घेतलं तं?

धुरपता : तं माह्या वाड्यावर दुसरीचं दूध पाजू. त्याले घेऊन ये तू.

रुख्मिणी : येईन. मामंजी बोलले तं बोलले.

मनकर्णा : हे घे वार. माती झटकली जेवढी झटकता आली तेवढी. अन् हे कोनाले सांगू नका.

धुरपता : शेपटाखाली चोळ पहिले, पोरी. मेंढी तिथंच हुंगते. आता पाठीले. बस. सोड त्याले, अन् कोनी बोलू नका.

मनकर्णा : हुंगून राह्यली.

धुरपता : म्हटलं ना, बोलू नका.

रुख्मिणी : पाय नाई उचलला. चाटते… मावशी, चाटते.

धुरपता : शेपूट पाह्य त्याचं. हालून राह्यलं का? हाललं म्हंजे दूध पोटात चाललं.

मनकर्णा : हालते वं. कसं फटफट हालते.

धुरपता : झालं तं. आता वाटनी सांग. धड हाये ते तू ठेव, हे मी नेईन, याचं दूध तुटलं की.

रुख्मिणी : नाई. धुतलेलं माहं. चूक माही होती.

मनकर्णा : घुंगरं वाजून राह्यले. गाडी आली वाटते पांदनीतून.

धुरपता : मी मागच्या बाजूनं जातो, बाई.

रुख्मिणी : काहून? समोरून जा, मावशी. मी बोलावलं म्हनून आल्या तुमी.

मनकर्णा : अन् त्याइनं इचारलं तं मी काय सांगू?

रुख्मिणी : सांगा, दोन्ही कोकरं दूध पेले. अन् उद्याबी मी वाड्यावर जानार हाये.

मनकर्णा : ते तूच सांग. आन, पोरगी दे माह्यापाशी.