येते म्हणालीस?

हॅलो?… हॅलो, कोण?… अगं तू! थांब, इस्त्री उभी करून ठेवते… हं, बोल. आत्ता कसा काय फोन? विमान संध्याकाळचं ना तुमचं?… मग?… नाही गं, कामात कुठे. म्हणजे दुकानात असते तेव्हा कामातच असते मी, पण तू बोल.

बॅग भरली?… अर्धी? अर्धी म्हणजे काय! आज निघायचंय आणि… बरं बरं, नाही ओरडत… नाही ओरडत म्हटलं ना! माझा आवाजच असा आहे.

हो, तुमचेच ते मास्तर, वरच्या फळीवरचे. चौकड्यांचा आणि तो पांढरा… नाही, तुला नाही, गिऱ्हाईक आहे… हो, या मास्तर, या!… अगं ते चित्रकलेचे मास्तर, शर्ट घेऊन गेले. बोल तू. मी एकीकडे हात चालवते.

काय गं, आवाज का असा येतोय? सर्दी झाली?… रडतेयस तू?… ए, काय झालं? पासपोर्ट हरवला?… पडलीस? कुणी काही बोललं?… मग काय ते सांगशील की नाही, इथे माझा जीव टांगणीला लागलाय!

पिटुकलीचं?… आठवते की. पुढचे दात पडलेत ती, फोटो पाठवला होतास… तिथेच राहते ना, त्या बायकांच्या आधारघरात? आई कारखान्यात पॅकिंगला जाते आणि ही दिवसभर तुमच्या गळ्यात… माहितीये गं सगळं. तुम्ही सगळ्या कॉलेजच्या पोरी तिथे मदतीला गेल्यापासून दुसरं काय ऐकतेय मी! घरी स्वतःचं ताट उचलायला जिवावर यायचं, आणि परक्या देशात जाऊन गावभरच्या पोरांची नाकं पुसतेयस… बरं, राहिलं. काय झालं तिला? ताप आलाय?

फाटकाशी बसलीय?… सकाळपासून! बूट घालून?… खातपीतही नाही?… हं, स्वयंपाकाच्या मावशींनी फोन करून सांगितलं तुला… पण वाट कुणाची बघतेय?

तुझी?

अगं पण काल निरोप घेतलात ना तुम्ही? तूच सांगितलंस, तुझ्या मैत्रिणींच्या गळ्यात पडून सगळी पोरं रडली. आणि ही तेवढी रडली नाही, हसत टाटा करत होती. तुमच्या कॉलेजच्या बाईंनी कौतुकसुद्धा केलं तुझं, पोरीला किती छान समजावलंस म्हणून… मग? काय समजावलं होतंस?… काहीच नाही? नुसतं काय म्हणालीस?…

येते?

… अगं आई गं! थांब, थांब… कॉलर! गेली… वकीलसाहेबांची. जाऊ दे, बघते त्यांच्याकडे. तू सांग. येते म्हणालीस. पण तिला काय कळणार आपलं येतेबिते?… तूच शिकवलंस? ये, बस, खा… आणि येते… हं. रोज संध्याकाळी निघताना म्हणायचीस, आणि सकाळी दारात हजर… मग बरोबर आहे गं तिचं. तिला वाटणारच.

नाही, पण तुझी तरी काय चूक? बोलायची पद्धत आहे आपली. आत्ता मास्तर येतो म्हणाले, मी या म्हटलं. ते काय लगेच परत येणार आहेत?… हो, मीच वळण लावलंय तुला. दारातून जाते म्हणालीस की धपाटा घालायचे. जाते म्हणू नये, येते म्हणावं… तेच ते. तोंडात बसलंय, निघालं तोंडातून.

म्हणजे आता तू म्हणणार, आई, मी अजून थोडी राहते… खरं सांग हं. मला काल रात्रीपासूनच वाटतंय… नाही? नक्की ना?… मग?… नुसतं जाऊन भेटून यायचंय… आणि बाई नको म्हणतायत.

बाईंचं बरोबरच आहे. परत गेलीस की परत लळा. लहान पोर आहे, दोन दिवसांत विसरेल, दुसरी कुणी मुलगी येईल तुझ्या जागी… काय?… कोण, तिचा बाप?… तोही असाच? आलोच म्हणून गेला?… आणि आलाच नाही… तेव्हाही अशीच बसायची ती?… तिच्या आईने सांगितलं तुला… आई गं…

… थांब, इस्त्री बाजूला ठेवते. ऐकतेय.

विसरत नसतं गं कुणी. उगाच बोलले मी. तू गेल्यापासून मी काय करतेय माहितीये?… नाही सांगितलं तुला, हसशील म्हणून. रात्री दाराला आतून कडी लावायला माझा हात होत नाही. बाबा म्हणतात, अगं ती सातासमुद्रापार आहे, आत्ता येणारेय का? मला काय कळत नाही? केस पांढरे व्हायला आले माझे. पण दारात उभी राहून येते म्हणाली होतीस ना… शेवटी तेच उठून लावतात कडी. आणि मला तर तुझी तारीख ठाऊक! त्या लेकराला काय ठाऊक आहे?

ऊठ. जा तू… अगं मीच म्हणतेय, जा. बस मिळते ना तिकडे जायला?… बाईंना म्हणावं, माझ्या आईने पाठवलंय, काय बोलायचं ते तिला बोला. आणि जाऊन काय सांगायचं? जाते म्हणून सांगायचं… हो, मी, मीच सांगतेय! अपशकुनबिपशकुन काय असेल तो माझ्या डोक्यावर… नाही शिकवलास तो शब्द? मग आज शिकव. बॅग घेऊन जा बरोबर, ती चाकांची. ओढू दे तिला अंगणभर. आकाशात विमान दाखव. आणि कडेवर घेऊन सांग, जाते, उद्या नाही येणार मी. मावशींना म्हणावं, तिच्या भाषेत नीट समजवा… आणि पुन्हा कधीतरी भेटायला येईन असलं काही बोलू नकोस. गेलीस तर गेलीस, आधी बोलून ठेवायचं नाही.

रडेल ना! रडू दे की. बाकीच्या पोरांना काल पोटभर रडायला मिळालं, हिला का नाही? तू पण रड तिच्याबरोबर. मग बूट काढ तिचे, दोन घास भरव आणि नीघ.

विमान नाही चुकत. कोंब सगळं बॅगेत, कशाला घड्या घालत बसलीयस! तुझी आई इस्त्रीवाली आहे… आणि चुकलंच तर चुकलं. बाबांना मी सांगेन… हो गं, खरंच.

या वकीलसाहेब, बसा. तुमचा शर्ट ना… सांगते, सगळं सांगते, आधी बसा तर… हो, तेच आलेत. आता काय, खाते बोलणी.

बरं, ठेव आता, उशीर नको… ए, ऐक, ऐक! मला काय म्हणून ठेवणार?… अगं ते जाते तिच्यासाठी. मला नाही चालायचं… मग म्हण ना… काय? ट्रक गेला गं बाहेरून, ऐकू नाही आलं. पुन्हा म्हण…

हं. ये.