सगळ्यांना दिसणारा पत्ता

बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर दोघी बहिणी बसल्या होत्या.

"ताई, शिवणकामाच्या वेबसाइटचं नाव मी स्वस्तातल्या कंपनीकडे नोंदवलं ना, तिथेच चुकलं."

"का गं?"

"त्यांनी माझा घरचा पत्ता इंटरनेटवर उघडा ठेवला. चांगल्या कंपन्या तो झाकून ठेवतात म्हणे."

"अगं, नवऱ्याला कळू नये म्हणून तर तू घर बदललंस. आधी कंपनी बदल."

"बदलली. आता पत्ता दिसत नाही."

"मग सारखा फोन काय बघतेस?"

"सकाळी त्याचा मेसेज आला."

"काय म्हणतो?"

"खिडकीचे नवे पडदे छान दिसतात म्हणे."

"तू आज घरी जायचं नाहीस. माझ्याकडे चल."

"आणि मशीन? लोकांचे कपडे पडलेत तिथे."

"राहू देत."

धाकटीचा स्टॉप आला. दोघीही उठल्या नाहीत.