कूलरातल्या सात बाया

नाही, पण मी म्हणतो, कूलरात कोणी कोंबड्या ठेवते का जी? कूलर कायले असते? ताटी लावाले, पाणी टाकाले, मे महिन्यात जीव वाचवाले! पण आमचे हे, देवाजी... गांधीबागेत कापडाच्या दुकानात जिंदगीभर थान उलगडले आन् गुंडाळले, आता घरी बसले तं हाताले चैन नाही. जुन्या कूलरची मोटर काढली, पंखा काढला, उरला तो पत्र्याचा डब्बा, त्याले कडी ठोकली, आन् माह्या माहेरच्या, कुहीवरून आणलेल्या सातही कोंबड्या त्याच्यात कोंबल्या. रातच्याले कोंबल्या असत्या तं मी काही बोलली नसती. हे दिवसभर! आन् मले म्हणते कसे, "सिंधू, पाय वं, तिन्ही बाजूनं हवा! अशी हवा तं आपल्या खोलीत नाही." मी म्हटलं, मंग तुमीच जा न तिथं राहाले! ते कोंबडी हाय का जावई हाय?

आता खरं सांगतो तुमाले, माणूस वाईट नाही. पोळ्याच्या सुमारास मुंगसानं आमची एक कोंबडी नेली, तवा आठ होत्या. भर दिवसा, याइच्या डोळ्यासमोरून! आमचं घर दिघोरीच्या पुढे, मागं सारे रिकामे प्लॉट, कमरेइतकं गाजरगवत, तिथं मुंगसाचंच राज्य. त्या दिवशी हा माणूस जेवला नाही. म्हणे, "पोट दुखते." पोट कायचं दुखते जी? मले का समजत नाही? तवापासून जे भेव बसलं याइच्या मनात... म्हणून तो कूलर.

पण झालं काय, इतक्याशा जागेत सात जणी. बसाले दांडी नाही, उकराले माती नाही, लोळाले राख नाही. मंग बाया काय करतीन? नळावर गर्दी झाली का आपण काय करतो? तेच! पहिलीनं दुसरीची शेपटी उपटली, दुसरीनं तिसरीची, आन् सगळ्यात गरीब जे होती, चांदी, पांढरी, माही लाडाची, तिच्यावर तं साऱ्या मिळून तुटून पडल्या. पाठ उघडी पडली बिचारीची, लाल लाल, रक्त निघाले लागलं. दाणा खाईना, पाणी पिईना, कोपऱ्यात तोंड खुपसून उभी. अंडे तं साऱ्याइनंच बंद केले. मी म्हटलं, "अवो, सोडा न त्याइले, मरते ना चांदी!"

"सोडलं तं मुंगूस खाते."

"आन् नाही सोडलं तं मैत्रिणीच खाऊन राहिल्या!"

"मैत्रिणी हळूहळू खाते," म्हणे.

सांगा! या माणसाशी काय बोलाव?

तेवढ्यात शेजारची यमुताई कंपाउंडवरून डोकावली. तिले आपलं नाजूक आवाजात बोलाची सवय, "सिंधूताई, तशीही ती वाचत नाही हो, त्यापेक्षा रविवारी रस्सा करून टाका ना." मी म्हटलं, यमुताई, तुमची कंबर दोन वर्षांपासून धरली हाय, तुमचा रस्सा केला का कोणी? गेली बाई आत. पण माह्या जिवाले लागलं न ते. दुसऱ्या दिवशी मी सकाळीच याइले म्हटलं, उठा, गाडी काढा, सदरकडे जनावराइच्या दवाखान्यात जाऊ. तं म्हणते, "कोंबडीले दवाखाना? ते कोंबडी हाय का जावई हाय?" पाहा! माह्यंच वाक्य मलेच!

आन् नेली कशी? आपल्याकडे कोंबडी जशी धरते तशीच जी, दोन पाय धराचे, डोकं खाली, आन् स्कूटीच्या हॅन्डलले टांगाची. मी मागं बसली. साऱ्या रस्त्यानं चांदी उलटी, तिचे डोळे माह्याकडे. मले वाटे हे शाप देऊन राहिली का काय.

दवाखान्यात डॉक्टरीन होती, मेघा मॅडम, पोरगीच म्हणा न, पण जबान अशी का बस! कोंबडी पाहाच्या आधी याइलेच पाहिलं. "काका, तुम्हाला असं पाय बांधून उलटं टांगून सदरपर्यंत आणलं असतं तर?" हे म्हणते, "मी कायले येईन?" ते म्हणे, "तिलाही यायचं नव्हतं! कोंबडीच्या छाती आणि पोटामध्ये पडदा नसतो, उलटी धरली की पोटातलं सगळं छातीवर येतं, श्वास कोंडतो." आमच्या देवाजीनं मान खाली घातली. पहिल्यांदा चूप झालेलं पाहिलं मी याइले, मॅडमचे पाय धराव वाटले. मंग तिनं दोन्ही हातानं पंख दाबून चांदीले असं छातीशी घेतलं... आन् तुमाले सांगतो, चांदीनं डोळे मिटले. डोळे मिटले जी! पाठीले औषध लावलं तरी हूं नाही का चूं नाही.

मंग एकेक सांगणं सुरू. चांदीले जखम भरेपर्यंत येगळी ठेवा, पण बाकीच्याइले दिसली पाहिजे, नाहीतं ओळख विसरतीन आन् पुन्हा मारतीन. दिवसा मोकळ्या सोडा, रात्री कोंडा, आत बांबूची दांडी लावा, अंडे द्याले अंधारा कोपरा ठेवा, एका टोपल्यात राख ठेवा. मी मनात म्हटलं, दांडी पाहिजे, येगळी खोली पाहिजे, आंघोळीले राख पाहिजे... कोंबडी हाय का जावई हाय? पण बोलली नाही, मले तं मजा येऊन राहिली होती, सारे बोलणे याइलेच बसून राहिले होते न! तेवढ्यात मॅडमनं विचारलं, "आणि संध्याकाळी त्यांना आत कोण घालतं?"

मी म्हटलं, मी घालतो न. सांजच्याले कूलर साफ कराले घटकाभर काढतो, मंग झाडू घेऊन, ओरडत, साऱ्या आंगनात पळवतो.

 मॅडमनं चष्म्यातून माह्याकडे पाहिलं. मंग म्हणे, "काकू, त्यांना तुमचा आवाज ऐकला की छातीत धडकी भरत असेल. घरात आरडाओरडा बंद. नाहीतर त्या अंडी द्यायच्या नाहीत." आन् आमचे देवाजी! इतका वेळ मान खाली घालून उभा असलेला माणूस, असा फुलला, असा फुलला...

आता पाहा आमच्या घरी येऊन. सकाळी कूलर उघडते, साऱ्या जणी गाजरगवतात, आन् हे दुकानातला, कापड मोजाचा लोखंडी मीटर हातात घेऊन स्टुलावर बसते, मुंगसाची वाट पाहत. सांजच्याले झाडू नाही, कणकीची वाटी वाजवते, "या वं, या माय," आन् त्या येते बी! चांदीच्या पाठीवर नवीन पिसं आले. एका सकाळी तिनं अंडं दिलं, तं हे अंडं घेऊन माह्याकडे पळत आले, डोळ्यात पाणी. म्हणे, "डोळ्यात धूळ गेली." कोणती धूळ जी, रात्रभर पाऊस पडला होता! आन् दुपारच्याले चांदीले छातीशी घेऊन बसते, पाठीवर हात फिरवते, तिच्याशी बोलते. माह्याशी लग्न होऊन इतके वर्ष झाले, इतवारीच्या बाजारातल्या गर्दीत बी कधी हात धरला नाही या माणसानं!

पण बोलाव कोणाले? घरात मोठ्यानं बोलणं बंद. भांडं आपटणं बंद. टीव्ही बारीक. मी तोंड उघडलं का हे बोट ओठावर ठेवते आन् कूलरकडे दाखवते. आता नवरा-बायको म्हटलं तं भांडण होतेच, ते दाबून ठेवलं तं मलेच अटॅक येईन! म्हणून आम्ही ठरवलं, भांडाचं असलं का घराच्या बाहेर निघाचं, पार रोडवरच्या, नाल्यावरच्या पुलियापाशी जाचं. हे पुढे, मी मागे, तोंड बंद. तिथं पोहोचलो का मंग मन भरून, पोटभर, मागचं पुढचं सारं काढून भांडतो. ऑटोवाले गाडी थांबवते, म्हणते, "काय झालं काकू, घरातून काढलं का काकानं?" मी म्हणतो, नाही गा भाऊ, घरी कोंबड्या झोपल्या.

बरं, उठतो मी आता. आज वरणात मीठ जास्त झालं, हे कवाचे पुलियावर जाऊन बसले, माही वाट पाहून राहिले असतीन.