जीपची चासी बदलल्याबाबत व पुढच्या सीटबाबत

मी, वय सत्तरच्या पुढे, नक्की आकडा घरात कोणालाच माहीत नाही, धंदा पूर्वी शिवणकाम, हल्ली नातीच्या गॅरेजवर देखरेख आणि चहा, शिक्षण दुसरी, राहणार गॅरेजच्या मागची खोली, समक्ष विचारल्यावरून सांगते की,

सदर खोलीत मी, माझे यजमान आणि मिस्त्रीकाम करणारी माझी नात असे राहतो. यजमानांची व त्यांच्या भावाची मिळून एक जुनी फोर बाय फोर जीप आहे. ती माझ्या लग्नानंतर लगेच घरी आली. आल्यापासून तिला रोज आंघोळ, आणि बादली उचलायला मी. हवालदारसाहेब म्हणतात, आजी, मुद्द्यावर या. हा मुद्दाच आहे.

जीपमध्ये यजमानांच्या शेजारी कायम माझे धाकटे दीर, म्हणजे तक्रारदार, बसत आले. मी मागे, डब्यांबरोबर. विचारलं की यजमान म्हणायचे, "अगं, चढ आला की कोणीतरी उतरून पुढच्या चाकांची लॉकं फिरवावी लागतात, तेव्हा कुठे चारी चाकं ओढतात. तुला जमणारे का ते?" दीर म्हणायचे, "वहिनी, तुम्ही मागे ऐसपैस बसा की." ऐसपैस म्हणजे स्टेपनीवर पाय ठेवून. दीर उतरायचे, लॉकं फिरवायचे, हात पुसत परत बसायचे आणि दोघे भाऊ एकमेकांकडे बघून हसायचे. कसे हसायचे ते मला मागून कधी दिसलं नाही.

यंदा यजमानांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. ते पट्टी बांधून खोलीत असताना नातीने जीप उघडली, तर चासी, म्हणजे गाडी ज्यावर उभी असते तो लोखंडी सांगाडा, गंजून चाळण झालेली. नात म्हणाली, "आजी, भंगारवाल्याकडे दोन चासी आहेत. एक फोर बाय फोरची, एक साधी, नुसती मागची दोन चाकं ओढणारी. आजोबांना विचारून येते."

मी म्हटलं, "साधीला लॉकं फिरवावी लागतात?"

"छे."

"मग विचारतेस काय? साधीच घाल म्हणालेत."

यजमान असं काही म्हणाले नव्हते. ते मी रचलं. यात नातीचा काडीचा दोष नाही, तिला चौकीत बोलावू नये. तिने वरची बॉडी सोडवून साध्या चासीवर बसवली, भोकं जुळेनात म्हणून पट्ट्या वेल्ड केल्या. काम देखणं झालंय. साहेबांनी बाहेर जाऊन बघावं.

पट्टी सुटल्यावर यजमानांनी गाडी काढली. मी आधीच पुढे जाऊन बसले होते. दीर मागे. चारी चाकं जोडायच्या छोट्या लिव्हरकडे यजमानांचा हात गेला, तर तिथे रबरी बूच. दीर मागून म्हणाले, "दादा, वाघाची पार शेळी केली की यांनी." मला फार बरं वाटलं, हे लिहून घ्यावं.

पुढे टेकडीचा चढ आला. यजमानांनी सवयीने गाडी थांबवली आणि शेजारचं माणूस उतरायची वाट बघत बसले. दीर मागे उठले, पण मागचं दार, म्हणजे फाळका, बाहेरून लागलेला. मी उतरले. चाकापाशी वाकले. फिरवण्यासारखं तिथे काहीच नव्हतं. नुसता हात लावला, पदराला पुसला आणि परत येऊन बसले. यजमानांनी माझ्याकडे बघितलं. ते कसे हसले ते मी सांगणार नाही, कोणी विचारूही नये. गाडी चढली.

त्या दिवशी दीर आमच्याकडे न जेवता गेले, आणि नातीने जीपचा पुढचा ॲक्सल, म्हणजे पुढची चाकं ओढणारा दांडा, व लॉकं चोरली अशी तक्रार दिली. ॲक्सल गॅरेजच्या अंगणात पडलाय. लॉकं मी स्वतः तेल लावून फळीवर ठेवली आहेत. त्यांनी खुशाल न्यावीत आणि घरी बसून फिरवावीत.

आज आम्ही तिघे त्याच जीपने चौकीत आलो. तक्रारदार मागे बसून आले.

हवालदारसाहेबांनी हे सगळं मोठ्याने वाचलं, मी कान देऊन ऐकलं, शब्द माझेच आहेत. अंगठा नको, मला सही येते. फक्त लवकर आटपा. यजमान बाहेर गाडी चालू करून बसलेत, पुढची सीट रिकामी आहे, आणि दीरही बाहेरच आहेत.